खापर आमच्या गजावर?

महोदय,

कालच्या पुरवणीतला परनाम्बुकोवरचा, म्हणजे ज्याच्या लाकडाचे व्हायोलिनचे गज होतात त्या ब्राझीलवुड झाडावरचा, लेख वाचून कपाळाला हात लावला. म्हणे, ब्राझीलमध्ये सापडतं म्हणून ‘ब्राझीलवुड’! अहो, उलटं आहे. झाडावरून देशाला नाव पडलं. पोर्तुगीज 1500 साली तिथे उतरले, त्याच्या कितीतरी आधीपासून पूर्वेकडून येणाऱ्या लाल रंगाच्या लाकडाला युरोपात ‘ब्राझील’ म्हणत. ते लाकूड म्हणजे आपल्या पतंग नावाच्या झाडाचं. त्याचा भाऊबंद तिकडच्या किनाऱ्यालगत सापडला आणि देशाचं बारसं उरकलं.

लेखाचा एकूण सूर असा, की झाड आम्हा व्हायोलिनवाल्यांनी संपवलं. फ्रान्सचा गज-कारागीर फ्रान्स्वा तूर्त याने या लाकडाचा गज (व्हायोलिनच्या तारांवर फिरवायची केस लावलेली काठी) रूढ केला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी पावणेतीनशे वर्षं जहाजं भरभरून लाकूड गेलं ते कापड रंगवायला. मग ऊस, कॉफी, शहरं यांसाठी जंगल तुटलं. गज घडवताना बरंचसं लाकूड भुशात जातं, हे कबूल. आम्ही धुतल्या तांदळासारखे नाही. पण कच्च्या लाकडाच्या निर्यातीला 2007 पासून ‘साइट्स’चा, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना लागतो, एवढं तरी लिहायचं होतं.

आता माझंच सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी ‘अस्सल ब्राझीलवुड’ म्हणून मी एक गज घेतला. विकणाऱ्याने शपथ तेवढी घ्यायची ठेवली होती. दोन वर्षांत काठीचा बाक गेला, वर ती एका अंगाला वळली. गजाचे केस बदलायला नेला तर कारागीर काठी बघून नुसता हसला. दुसरंच कसलंतरी टणक लाकूड! ‘ब्राझीलवुड’ या नावाखाली बहुधा हेच खपवतात, हे तेव्हा कळलं. म्हणजे झाड बुडवल्याचं पाप माझ्या माथी, आणि झाड माझ्या हाताला कधी लागलंच नाही! गुरुजींचा परनाम्बुकोचा गज मात्र मी एकदाच हातात धरला होता. तारेवर ठेवला की आपण काही करायच्या आत बोलायला लागायचा.

आणि छायाचित्र? वर्षावनातलं झाड म्हणून चक्क वर्षावृक्ष छापलात! परनाम्बुकोच्या अंगावर काटे असतात, पिवळ्या फुलाच्या एका पाकळीवर लाल डाग असतो. संगीताचं साप्ताहिक सदर जागेअभावी बंद केलंत. या चुकीच्या झाडाला मात्र तीन स्तंभ मिळाले.

आपला,
एक व्हायोलिनवादक वाचक