अलिबागचा मलिदा पुरवणीत का नाही?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कोकणच्या खाण्यावर अख्खं पान आलं, आवडलं, घरात सगळ्यांनी वाचलं. घावन, सोलकढी, मोदक सगळं होतं, पोपटीवर पण चांगलं सविस्तर लिहिलंय, रायगडवाल्यांना बरं वाटलं, नाहीतर कोकण म्हटलं की लोक डायरेक्ट रत्नागिरी-सिंधुदुर्गलाच जातात. पण अलिबागवर एवढं लिहून बेने इस्राएल म्हणजे इथल्या ज्यू लोकांच्या मलिद्याबद्दल एक ओळ नाही हे मनाला लागलं, म्हणून हे पत्र.

आमच्या तालुक्यात ही गोष्ट लहानपणापासून कानावर असते. दोनेक हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, त्यांचे हे वंशज, असं हा समाज मानतो. वाहून आलेल्या बाकीच्यांना जिथे पुरलं ती जागा नवगावला आजही दाखवतात. पुढे हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवायला लागले, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. आडनावं पण आपल्यासारखीच गावावरून, किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर.

आता मलिदा. अलिबागजवळ खंडाळा म्हणून गाव आहे (घाटातलं नव्हे), तिथे एका खडकावर खुणा आहेत, त्याला एलियाहू हनाबीचा टापा म्हणतात. एलियाहू प्रेषित इथे आले आणि इथूनच रथातून आकाशात गेले, घोड्याच्या टापेची आणि रथाच्या चाकाची खूण राहिली अशी श्रद्धा आहे. त्यांच्या नावाने नवस बोलतात आणि तो फेडायचा मलिद्याने. लग्न, नवीन घर, आजारातून उठलेला माणूस, परदेशी निघालेला मुलगा, काहीही असो, मलिदा होतोच.

आमच्या शेजारच्या काकूंकडे तो करताना मी जवळून बघितलाय. पोहे धुवून निथळत ठेवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची-जायफळ, काजू बदाम मनुका, सगळं हलक्या हाताने कालवायचं, काकू म्हणायच्या पोहा मोडला तर लगदा होतो. मग मोठ्या ताटात त्याचा ढीग आणि भोवती फळं, खजूर तर हवाच, शिवाय गुलाब नाहीतर सब्जाची डहाळी. प्रार्थना म्हणायची आणि मग एकेक गोष्टीचा आशीर्वाद वेगळा, झाडाच्या फळाचा एक, जमिनीतल्या पिकाचा दुसरा, सुवासाचा तिसरा. केळ्याला जमिनीतल्या पिकाचा आशीर्वाद, कारण केळ ही झाड नव्हे. प्रार्थना हिब्रू, पोहे-खोबरं आपलं, आणि त्या ताटाभोवतीच्या सगळ्या गप्पा मराठीत. हे जगात दुसरीकडे कुठे सापडणार?

आणि माशाची गोष्ट तर प्रत्येक कोकणी माणसाला माहीत हवी. दावीद रहाबी नावाचे बाहेरचे ज्यू गृहस्थ इकडे आले, हे लोक खरंच आपल्यातले का हे बघायला त्यांनी बायकांना वेगवेगळी मासळी एकत्र करून रांधायला दिली. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला काढले. ज्यू नियम तोच आहे, म्हणून त्यांच्याकडे सुरमई बांगडा चालतो पण कोळंबी, खेकडे, मुशी नाही. पोथ्या हातात नव्हत्या, भाषा विसरली होती, पण स्वयंपाकघरातला नियम बायकांनी धरून ठेवला होता. ही आख्यायिका आहे हे मान्य, तरी मला ती फार मोठी वाटते.

मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून त्यांच्या रश्श्यात नारळाचं दूध. नवीन वर्षाला गव्हाचा चीक काढून चिकाचा हलवा करतात तोही नारळाच्या दुधात, तासनतास ढवळत बसावं लागतं. शुक्रवारच्या प्रार्थनेला द्राक्षाची वाईन इथे कुठून मिळणार, तर काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत. उन्हाळ्यानंतर जेरुसलेमचं त्यांचं देऊळ पाडलं गेलं त्याच्या शोकाचे दिवस येतात, तेव्हा मटण बंद आणि वालाचं बिरडं, त्या सणाला नावच बिरड्याचा सण.

१९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ साली बांधलेलं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर, आहे, पण आसपास राहिलेली घरं मोजकीच. ज्यांच्या हाताला हे सगळं येतं त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्यात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्याचा आनंद आहेच, पण या रेसिपी कुणी लिहून घेणार की नाही? होमस्टेवाल्यांना आणि फूड फेस्टिव्हलवाल्यांना एक विनंती, हलवा, बिरडं, मनुकांचं सरबत जरूर ठेवा, त्या काकूंना बोलवून त्यांच्याकडूनच शिका, त्यांना मोबदला द्या. मलिदा मात्र स्टॉलवर प्लेटने विकू नका, तो नवसाचा आहे, आपण सत्यनारायणाचा प्रसाद विकायला मांडतो का?

तुमच्याकडून एवढंच हवंय की जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचा झाडांचा सण येतो, तू बिश्वात, त्या वेळी बरेच जण खंडाळ्याला टाप्याच्या दर्शनाला येतात, तेव्हा समाजातल्या मोठ्या माणसांना आधी विचारून वार्ताहर पाठवा आणि पान करा. आमच्या ओळखीची दोन-तीन घरं आहेत, त्यांची परवानगी घेऊन मी तुमच्या कार्यालयात कळवतो.

आपला,
एक जुना वाचक, अलिबाग