पसंतीक्रम हवा, पण कोणत्या निकषावर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासारखे पसंतीक्रमाने मतदान विधानसभेलाही लावावे, म्हणजे मतविभाजन थांबेल आणि खऱ्या बहुमताचा उमेदवार निवडून येईल, अशी मागणी वरचेवर होते. मतविभाजन कमी होते हे खरे. बहुमताबद्दलचा दावा मात्र तपासायला हवा.

शंभर मतदार आणि तीन उमेदवार घ्या. ४० जणांचा क्रम क, ख, ग. ३५ जणांचा ग, ख, क. उरलेल्या २५ जणांची पहिली पसंती ख. त्यांतल्या १६ जणांची दुसरी पसंती ग, ९ जणांची क. आजच्या विधानसभेच्या पद्धतीने क ४० मतांवर विजयी. पदवीधरच्या पद्धतीने सर्वांत कमी पहिल्या पसंतीचा ख आधी बाद होतो, त्याची मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात आणि ग ५१ विरुद्ध ४९ असा जिंकतो. आता त्याच मतपत्रिकांवर दोघादोघांची थेट लढत लावून पाहा: ख हा क ला ६०-४० ने आणि ग ला ६५-३५ ने हरवतो. पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसऱ्या पसंतीला एक असे फ्रेंच गणितज्ञ बोर्दाच्या पद्धतीने मोजले तरी ख १२५, क ८९, ग ८६. एकाही मतदाराने मत बदललेले नाही, तरी विजेते तीन. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला समोरासमोर हरवणारा उमेदवार असेल तर तोच निवडून यावा, हा फ्रेंच विचारवंत कोंदोर्सेचा निकष १७८५ पासूनचा आहे आणि आपली पसंतीक्रमाची पद्धत तो पाळेलच असे नाही. सर्वांना चालणारा, पण थोड्यांचाच पहिला आवडता असलेला उमेदवार तिच्यात लवकर बाद होतो.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आठवा. पहिल्या पसंतीचे मतमूल्य (खासदार-आमदारांच्या मतांना वेगवेगळे वजन असते, त्याची बेरीज) व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. विजयासाठी लागणारा कोटा, म्हणजे निम्म्याहून अधिक मूल्य, ४,१८,१६९. देशमुख आणि इतर बाद झाल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले. वाटपातले बहुतेक मूल्य रेड्डींकडे गेले, तरी गिरींनी कोटा १,९०८ ने ओलांडला. पण रेड्डी शेवटपर्यंत रिंगणात असल्यामुळे त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजणीत आलीच नाही. रेड्डी आणि देशमुख यांच्या पहिल्या पसंतीची बेरीज ४,२६,३१७ होते, म्हणजे कोट्याच्या वर. तेव्हा गिरी विरुद्ध देशमुख अशी सरळ लढत कुणी जिंकली असती, याचे उत्तर त्या मतपत्रिकांवर लिहिलेले होते. नियमाने ते विचारलेच नाही.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन शहरात २००९ साली महापौर याच पद्धतीने निवडले गेले. बॉब किस यांनी कर्ट राइट यांना ४,३१३ विरुद्ध ४,०६१ असे हरवले. मतपत्रिकांची संपूर्ण नोंद उपलब्ध असल्यामुळे पुढे दिसून आले की तिसऱ्या क्रमांकावर बाद झालेले अँडी माँट्रोल या दोघांनाही थेट लढतीत हरवत होते. त्याहून विचित्र म्हणजे, राइट यांच्या साधारण साडेसातशे मतदारांनी किस यांना पहिली पसंती दिली असती, तर किस हरले असते! कारण मग राइट आधी बाद होतात आणि किस यांच्यासमोर माँट्रोल उभे राहतात. पाठिंबा वाढल्याने उमेदवार हरू नये, हा साधा निकषही इथे मोडतो. २०१० मध्ये त्या शहराने ही पद्धत रद्द केली.

म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. एक मोठा निकष ती चोख पाळते: तुमची दुसरी पसंती पहिलीला कधीच अपाय करत नाही. एका जागेच्या निवडणुकीत पहिला उमेदवार बाद झाल्यावरच दुसरी पसंती पाहिली जाते. बोर्दाच्या गुणपद्धतीत ही हमी नाही. तिथे दुसऱ्याला दिलेला गुण पहिल्याला पाडू शकतो. तेव्हा पदवीधर निवडणुकीत कार्यकर्ते ‘फक्त १ लिहा, बाकी रिकामे सोडा’ असे सांगतात, ते मतदाराच्या हिताचे नसते. तुमचा उमेदवार बाद झाला की ती मतपत्रिका मोजणीतून संपते. कोटा मात्र सुरुवातीच्या वैध मतांवर ठरलेला असतो, म्हणून अशा मतपत्रिका वाढल्या की शेवटी उरलेला उमेदवार कोटा न गाठताही विजयी होतो. मग ‘पन्नास टक्क्यांची हमी’ कुठे राहिली?

मत बाद होण्याची कारणेही ठरलेली आहेत. १ लिहिलाच नाही, दोघांपुढे १ लिहिला, आकड्याऐवजी बरोबरची खूण केली, ‘एक’ असे अक्षरात लिहिले, केंद्रावरचे जांभळे स्केच पेन सोडून स्वतःचे पेन वापरले. अमरावती पदवीधर मतदारसंघात २०२३ साली विजयाचे अंतर काही हजारांचे होते आणि बाद मतेही हजारांतच होती.

सगळे निकष पाळणारी पद्धत मिळणार नाही, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले. पुढे गिबार्ड आणि सॅटर्थवेट या अभ्यासकांनी दाखवले की तीन किंवा अधिक उमेदवार असले की डावपेचाच्या मतदानाला, म्हणजे खरी पसंती लपवून मत देण्याला, पूर्ण वाव बंद करणारी आणि तरी एकाच मतदाराच्या मर्जीवर न चालणारी पद्धतही नाही. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणत मत देणे सगळीकडे थोडेफार राहणारच. प्रश्न फक्त कुठला दोष पत्करायचा एवढाच, आणि तो कायदा बदलण्याआधी चर्चेत यायला हवा. मोजणीची सोय हाही निकषच आहे. थेट लढतींचे आकडे केंद्रवार काढून बेरीज करता येते: दहा उमेदवारांना प्रत्येक केंद्राचे ९० आकडे (४५ जोड्या, प्रत्येकीत दोन) पुरतात. बाद फेऱ्यांच्या पद्धतीत तसे जमत नाही. कोण बाद होणार हे एकूण बेरजेवर ठरते, म्हणून अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांतल्या मतपेट्या एका ठिकाणी आणाव्या लागतात आणि मोजणी दुसऱ्या दिवसावर जाते.

माझी मागणी छोटी आहे. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या निकालासोबत निवडणूक आयोगाने पहिल्या चार उमेदवारांच्या सहा थेट लढतींचा तक्ता जाहीर करावा. प्रत्येक मतपत्रिकेचा पूर्ण क्रम मात्र जाहीर करू नये. वीस उमेदवार असतील तर मत विकत घेणारा ठरावीक विचित्र क्रम लिहायला सांगून ती मतपत्रिका ओळखू शकतो. तक्त्यातून कुणाचे मत ओळखता येत नाही, आणि सगळ्यांना हरवू शकणारा उमेदवार आपली पद्धत कितीदा बाद करते, हे दोन-तीन निवडणुकांत आकड्यांनी दिसू लागेल.

— मतदान पद्धतींचा एक अभ्यासक, पुणे