नकाशांच्या खोलीतली गोधडी

सर,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले असते तर ‘बरं बरं, पुस्तक काढा’ म्हणून तुम्ही विषय मोडला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

दहावीच्या इंग्रजीला ८० गुण लेखी आणि २० तोंडी. लेखीची मला भीती नव्हती. उभं राहून बोलायचं म्हटलं की मात्र घशाला कोरड पडायची. चार वर्षांपूर्वी स्टेशनजवळच्या एका क्लासला ‘महिन्याभरात फाडफाड इंग्रजी’ या पाटीला भुलून पैसे भरले होते. तिथल्या शिक्षकाने पहिल्याच आठवड्यात मला उभं केलं, माझं ‘वेरी गुड’ तीनदा म्हणवून घेतलं आणि वर्गाला हसवलं. चुकलं काय, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. फी परत मागितली तर पावतीच्या मागचे नियम दाखवले. पोळ्या लाटून जमवलेले पैसे होते हो, अजून डाचतं.

तुम्ही रात्रशाळेत आलात आणि फळ्यावर ‘व्होकारू’ लिहिलंत. मला वाटलं, नवा शब्दार्थ. तर ती बोललेलं रेकॉर्ड करायची साइट निघाली. बटण दाबून बोलायचं, सेव्ह केलं की लिंक येते, ती तुम्हाला पाठवायची. अ‍ॅप नको, खातं नको. माझा फोन नातेवाइकांच्या ‘शुभ सकाळ’ने गच्च भरलेला, तरी चाललं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, ही चिरक्या आवाजाची बाई कोण? तुम्ही सांगितलंत, बोलताना आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही कानाला पोचतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. बाकीच्यांना पहिल्यापासून हाच ऐकू येतो. म्हणजे चाळीतल्या सगळ्यांना माझा खरा आवाज ठाऊक, मलाच नव्हता.

आणि ते ‘वेरी’. आपण एकाच ‘व’वर भागवतो, इंग्रजीत दोन आहेत. ‘व्हेरी’ला वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, ‘वेल’ला ओठांचा चंबू. आठ-दहा वेळा स्वतःचंच ऐकल्यावर तो फरक कानाला लागला. एवढंच तर सांगायचं होतं त्या क्लासवाल्याने!

पण हे पत्र त्यासाठी नाही.

तिसऱ्या का चौथ्या रेकॉर्डिंगनंतर जिना उतरताना तुम्ही हळूच विचारलंत, “ताई, आवाज बसलाय, की घरात कुणी झोपलेलं असतं?” मी काहीच बोलले नाही. आमचे हे रात्रपाळी करून दिवसा झोपतात. दहा बाय बाराची खोली. मी मोरीत बसून, फोनवर पदर घेऊन कुजबुजायची, मागे शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. दुसऱ्या कुणी माझे उच्चार तपासून गुण दिले असते. तुम्हाला त्यात आमची खोली ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी नकाशांची खोली उघडी होती आणि खिडकीवर दोन खिळ्यांना गोधडी टांगलेली. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, शिवाय खिडकीखाली रस्ता, म्हणून घरून आणलेली. जुन्या नऊवारीचे तुकडे, कोपऱ्यात हिरवा इरकली काठ, बारीक धावदोरा. तुमच्या घरातल्या कुणीतरी दुपारच्या दुपार बसून शिवलेली ती वस्तू तुम्ही रस्त्यावरच्या धुरासमोर लावलीत. “वर्ग भरेपर्यंत इथे कुणी येणार नाही. मोठ्याने बोला,” म्हणालात आणि निघून गेलात.

पहिली पाच मिनिटं मी बटण दाबलंच नाही. मोठ्याने बोलायचं म्हणजे किती मोठ्याने, तेच आठवेना.

हल्ली कुणी केळं वाटलं तरी आधी फोटो निघतो. त्या गोधडीचा फोटो तुमच्याकडे नसणार. लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथीला जागा द्यायला खिडकीबाहेर बघत बघतच सरकणाऱ्या बायका असतात ना, तुम्ही त्यांच्या जातीचे. अशी माणसं आहेत म्हणून या शहरात सहाची गाडी पकडायचा धीर होतो.

तोंडी झाली. घाईत ‘व्हेरी’ अजून घसरतं. गोधडी मी धुवायला घरी आणली आहे. एका कडेचा धागा उसवला होता, तिथे टाके घातलेत. रंग थोडा वेगळा आहे, घरात कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. सोमवारी घेऊन येते. डावीकडचा खिळा मात्र निघालाय, तो तेवढा ठोकून ठेवा.

तुमची,
शेवटच्या बाकावरची विद्यार्थिनी