वहिनी, हिरडीच्या ऑपरेशननंतर तू जे केलंस त्यासाठी

प्रिय वहिनी,

समोर बसून हे बोलायला गेले तर तू "हो गं, त्यात काय एवढं" म्हणत उठून जाशील, म्हणून सरळ सगळ्यांसमोर लिहितेय. आणि दुसरं म्हणजे ग्राफ्ट (दुसरीकडून काढलेला तुकडा हिरडीला लावणं) झालं की लोक डॉक्टरांचे आभार मानतात, मानायलाच पाहिजेत, आमच्या डॉक्टर मॅडमचा हात खरंच हलका आहे, पण घरी आल्यावर जे माणूस सगळं निस्तरतं त्याचं कोणी नावसुद्धा घेत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या खालच्या पुढच्या दोन दातांची हिरडी मुळातच पातळ, त्यात ओठाच्या आतून हिरडीला जोडलेली बारीक पट्टी असते ती सारखी ओढ द्यायची, त्यामुळे हिरडी खाली सरकत गेली आणि मुळं उघडी पडली. गार पाणी प्यायलं की जीव नकोसा व्हायचा. मॅडमनी तोंडातल्या टाळूवरून साधारण एक-दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा काढून तो त्या दातांखाली शिवला. १९६० च्या दशकापासून ही पद्धत चालत आलीय. भूल दिलेली असते त्यामुळे खुर्चीत काही कळत नाही, खरं दुखतं ते नंतर, आणि नवीन हिरडी लावलेल्या जागी नाही तर जिथून काढली त्या टाळूला. उकळता चहा ओतल्यासारखी आग, आणि ती लवकर थांबत नाही.

आणि आपलं घर पडलं कोल्हापूरचं! कांदा-लसूण चटणीशिवाय ताट पुढे येत नाही, दादा तर वरणभातावर पण घेतो. अशा घरात तू मला ठेवून घेतलंस आणि दोन वेळा माझ्यासाठी वेगळं रांधलंस. मऊ दहीभात, कोमट मुगाची खिचडी, कुस्करलेला बटाटा, नाचणीची आंबील पूर्ण निवल्यावर. स्ट्रॉ नको हे तुला माझ्याआधी पाठ होतं, कारण ओढून प्यायलं की टाळूवरची रक्ताची गुठळी सुटू शकते. पण माझ्या मनात राहिलीय ती फोडणी. मोहरीचा एक दाणा जरी टाक्यात अडकला तर काढताना ग्राफ्ट हलेल म्हणून तू रोज फोडणी करून ती चहाच्या गाळणीतून खिचडीवर ओतायचीस, म्हणजे हिंग-जिऱ्याचा वास आला पाहिजे पण दाणा नको. हे कुठल्याही सूचनांच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं गं, हे तुझं तुलाच सुचलं.

मग ती रात्र. झोपेत टाळूची जखम झाकायला बसवलेली प्लेट सरकली की काय देव जाणे, तोंड गरम लागलं आणि उशीवर लाल डाग. माझे हातपाय गळाले, मी चूळ भरायला बेसिनकडे निघाले तर तू दंडाला धरून थांबवलंस, चूळ भरायची नाही, भरलीस तर अजून वाहील. मॅडमना फोन लावलास, त्यांनी सांगितलं तसं ओला गॉज घडी करून टाळूवर दाबून धरलास, वीस मिनिटं, मध्ये एकदाही उचलून बघितलं नाहीस. लाळेत मिसळलं की थोडंसं रक्त पण खूप दिसतं हे तू तेव्हा शांतपणे सांगत होतीस आणि दुसऱ्या हाताने माझी पाठ चोळत होतीस. थांबलं. तू मात्र पहाटेपर्यंत खुर्चीतच बसून राहिलीस.

नंतर ग्राफ्ट पांढरट पडलं तेव्हा मला वाटलं गेलं, मेलं ते. तूच समजावलंस की पहिले दोन-तीन दिवस त्या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो, खालच्या जागेतून पाझरणाऱ्या द्रवावर तो जगतो, मग हळूहळू रक्तवाहिन्या जोडल्या जातात, आणि वरची साल पांढरी होऊन सुटणं हे नेहमीचंच आहे. म्हणून तर मी आरसा मागितला की तू द्यायची नाहीस, कारण बघायचं म्हणजे ओठ ओढणं आलं आणि ओठ ओढला की तुकडा हलणार. मी चिडले, फणकारले, तू आरसा दिला नाहीस तो नाहीसच. आज तो तुकडा धरलाय त्याचं निम्मं श्रेय मी या हट्टाला देते, मॅडम पण तेच म्हणाल्या.

आता टाके निघालेत, टाळू भरून आलाय, मऊ ब्रश सुरू झालाय. नवीन हिरडीचा रंग बाजूपेक्षा जरा फिका आहे आणि तो तसाच राहील बहुतेक, मला त्याचं काही नाही. माउथवॉशने दातांवर तपकिरी झाक आलीय ती क्लीनिंगला जाईल. गार पाणी आता न घाबरता पिते.

बँकेतून तू माझ्यासाठी घेतलेल्या रजा आणि ती जागून काढलेली रात्र, याची परतफेड होत नाही हे मला कळतं. पण चिऊच्या दहावीच्या गणिताचं टेन्शन आजपासून सोडून दे, ते माझ्याकडे लागलं. सोमवारपासून संध्याकाळी साडेसहाला वही घेऊन पाठव तिला.

तुझीच,
ताई