एला पाम्फिलोवांची दोन रूपं

संपादक महोदय,

रशियातली निवडणूक म्हटली की आपल्याकडे पुतिन यांची टक्केवारी तेवढी छापली जाते. ती जाहीर करणाऱ्या एला पाम्फिलोवा कोण, हे सहसा कुणी सांगत नाही.

त्या मूळच्या अभियंता. अध्यक्ष येल्त्सिन यांच्या काळात समाजकल्याण खात्याच्या मंत्री. २००० साली रशियाच्या अध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या पहिल्या महिला त्याच. मतं मिळाली जेमतेम १ टक्का. पुढे त्या अध्यक्षांच्या मानवाधिकार परिषदेच्या प्रमुख झाल्या आणि तिथे गप्प बसल्या नाहीत. जुलै २०१० मध्ये सेलिगर सरोवराकाठी सरकारधार्जिण्या तरुणांचं शिबिर भरलं होतं. ऐंशी ओलांडलेल्या मानवाधिकार कार्यकर्त्या ल्युदमिला अलेक्सेयेवा यांच्या चेहऱ्याच्या चित्रावर नाझी टोपी चढवून ते तिथे खांबावर लावलं गेलं. पाम्फिलोवांनी उघड निषेध केला आणि महिना संपायच्या आत पद सोडलं. त्या बाईंबद्दल मला तेव्हा फार आदर वाटला होता.

मार्च २०१६ मध्ये त्या मध्यवर्ती निवडणूक आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. २०१८ मध्ये रशियाच्या अतिपूर्वेकडच्या प्रिमोर्ये प्रांताच्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत ९५ टक्के मोजणीपर्यंत कम्युनिस्ट उमेदवार इश्चेन्को पुढे होते, शेवटच्या काही केंद्रांत अचानक मागे पडले. आयोगाने निकाल रद्द करायला लावला, हे मान्य करायलाच हवं. पण फेरनिवडणुकीत इश्चेन्कोंना उभंच राहू दिलं नाही.

मी शिक्षिका. मतदान केंद्राध्यक्षाचं काम अनेकदा केलंय. मतांच्या हिशेबाची सही केलेली प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या हाती पडेपर्यंत ते जागचे हलत नाहीत. रशियात अशाच प्रती गोळा करून आकडे पडताळणारी संस्था होती ‘गोलोस’; जुलै २०२५ मध्ये तिने काम थांबवलं. तिचे सहअध्यक्ष ग्रिगोरी मेल्कोन्यांत्स यांना त्याआधी मे २०२५ मध्ये ५ वर्षांची कैद झाली होती.

डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनमधल्या युद्धाला विरोध करणाऱ्या येकातेरिना दुन्त्सोवा अध्यक्षपदासाठी अर्ज घेऊन आयोगासमोर आल्या. कागदपत्रांत शंभरावर चुका आहेत, नावांचं स्पेलिंग चुकलंय, असं सांगून अर्ज फेटाळला. वर पाम्फिलोवांनी त्यांची समजूत काढली, की तुम्ही तरुण आहात, सगळं आयुष्य पुढे आहे. एकेकाळी स्वतः अर्ज भरून उभ्या राहिलेल्या बाईने हे म्हणावं, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढच्या वेळी रशियाचा निकाल छापाल तेव्हा ज्यांचे अर्ज फेटाळले त्यांची नावंही छापा, आणि मेल्कोन्यांत्स यांचं नक्की छापा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली