पाणी आलं तेव्हा पहिलं कोण आलं, हे विचारणाऱ्या काकूंना

बडोदे
अनंत चतुर्दशी, ६ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप काकू,
सा. न. वि. वि.

विसर्जन करून आत्ताच घरी आलो. कपड्यांवरचा गुलाल अजून झटकलेला नाही, पण आज लिहिलं नाही तर पुन्हा वर्षभर राहून जाईल, म्हणून तसाच बसलो. हे पत्र तुम्हाला पुण्याच्या पत्त्यावर पाठवतो आहेच. शिवाय त्याची एक प्रत मंडळाच्या फलकावर लावणार आहे आणि सोसायट्यांच्या सगळ्या ग्रुपवर टाकणार आहे. तुम्हाला हे रुचणार नाही, ठाऊक आहे. पण उघड लिहायला एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

यंदा गणपती २७ ऑगस्टला बसले. मूर्ती पाटावर ठेवताना आम्ही तिघं-चौघं एकदम गप्प झालो. मागच्या वर्षी त्याच तारखेला त्याच जागेवर छातीभर पाणी होतं. आदल्या दिवशी, गोकुळाष्टमीला, पावसानं झोडपून काढलं होतं. पाऊस ओसरला तरी पाणी चढतच राहिलं, कारण पावागढाकडून येणारी विश्वामित्री तुडुंब होती आणि वरच्या आजवा सरोवराचं पाणीही तिच्यातच येत होतं. काळ्या घोड्याजवळच्या पुलापाशी २५ फुटांना धोक्याची पातळी धरतात. नदी ३५ फुटांच्याही वर गेली. वीज गेली, नळ बंद, लष्कराच्या तुकड्या शहरात आलेल्या. अकोट्यात घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो देशभर फिरला. आमच्या नातेवाइकांना त्या फोटोचं नवल वाटत होतं, आणि आम्हाला रात्री जिना उतरायची भीती वाटत होती.

पाणी उतरलं आणि गणपतीला जेमतेम आठवडा उरला. मांडवात अजून चिखलाचा वास होता, तिथेच सतरंजीवर बैठक झाली. सजावट रद्द करून ते पैसे ज्यांचं सामान गेलं त्यांना द्यायचे, हे पाच मिनिटांत ठरलं. मग सत्काराचा विषय निघाला आणि मी खिशातून यादी काढली. दोन मोठे वर्गणीदार, एक डॉक्टर, एक पदाधिकारी. नऊ वर्षं मी चिटणीस आहे आणि नऊ वर्षं मी अशीच यादी करत आलो. शाल, श्रीफळ, फोटो. कुणी कधी हरकत घेतली नाही आणि कुणाला कधी तो सत्कार आठवलाही नाही.

तुम्ही मागे भिंतीला टेकून बसला होता. म्हणालात, "यंदा यादी मी करते. चार दिवस द्या मला."

मला त्या वेळी थोडा राग आला होता, काकू. आज तो कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोनशे पानी वही घेऊन निघालात. गुडघ्याला पट्टा, हातात काठी, रस्त्यावर घोट्यापर्यंत चिखल. मी दोन दिवस तुमच्याबरोबर फिरलो ते खरं तर तुम्ही पडाल या काळजीनं. पण पहिल्या तीन-चार घरांतच माझ्या लक्षात आलं की इथे काहीतरी वेगळं चाललंय. "सत्कार कुणाचा करावा असं वाटतं?" असं तुम्ही एकाही घरात विचारलं नाहीत. नंतर मला म्हणालात, "तसं विचारलं की लोक मोठी नावं सांगतात रे. ज्यांचं नाव घेतलं तर शोभेल अशी." तुमचा प्रश्न एकच होता: पाणी आलं तेव्हा तुमच्या दारात पहिलं कोण आलं?

त्या प्रश्नावर माणसं क्षणभर थांबत. कुणी डोळे मिटून आठवत, कुणी नवऱ्याकडे बघत. मग नाव यायचं, आणि बहुतेक वेळा नावच माहीत नसायचं. "तो मीटरवाला." "ती नर्सिंग शिकते ती पोरगी, मागच्या टेनामेंटमधली." "झाडू मारायला येतात त्यातली उंच बाई." तुम्ही ते शब्द तसेच्या तसे लिहून घेत होता आणि पुढे दुसऱ्या शाईनं खरं नाव शोधून भरत होता. ८६ घरं झाली. वहीत माझ्या यादीतलं एकही नाव आलं नाही.

ती नर्सिंगची पोरगी अकरा घरांनी सांगितली. त्यातलं एक घर माझं.

आईचं इन्सुलिन फ्रिजच्या दारात होतं आणि वीज जाऊन दीड दिवस झाला होता. खालच्या मजल्यावर पाणी, दुकानं बंद. आम्ही नवरा-बायको त्या चार बाटल्यांकडे बघत बसलो होतो. ही मुलगी गच्चीवरून गच्चीवर उतरत आमच्या जिन्यात आली, हातात स्टीलचा डबा. तिनं आधी आईला बसवलं आणि समजावलं की जी बाटली उघडून वापरात आहे ती फार उकाड्यात नसेल तर साधारण महिनाभर बाहेर चालते, तिची धास्ती घेऊ नका. प्रश्न न उघडलेल्या बाटल्यांचा. त्या तिनं नावाच्या चिकटपट्ट्या लावून नेल्या. तिच्या जिन्यात वाऱ्याच्या जागी एक मोठा माठ, त्यात लहान माठ, मधल्या पोकळीत ओली वाळू आणि वर ओलं फडकं. दमट हवेत माठ काही फ्रिज होत नाही, पण बंद घरातल्या उकाड्यापेक्षा आत बराच गारवा होता. कुणीतरी बर्फ आणला तर तिनं तो बाटल्यांना भिडू दिला नाही. इन्सुलिन गोठलं की गेलंच, म्हणाली. वीज येईपर्यंत अकरा घरांच्या बाटल्या तिथे राहिल्या. रोज सकाळी ती वाळूवर पाणी शिंपडायची आणि आमच्या आयांची विचारपूस करून जायची.

हे सगळं माझ्या स्वतःच्या घरात घडलं होतं, आणि तरी बैठकीला जाताना माझ्या खिशातल्या यादीत तिचं नाव नव्हतं. काकू, तुमचे आभार मानायचे ते मुख्यतः यासाठी. उपकार लक्षात असतात. पण सत्कार म्हटलं की आपण दुसरीकडेच बघायला लागतो. माझी मान तुम्ही धरून वळवलीत.

मग मानपत्रं. मी नेहमीप्रमाणे मसुदा केला होता: "निःस्वार्थ, तडफदार, समाजासाठी अहोरात्र झटणाऱ्या." तुम्ही शाळेतल्यासारखी लाल रेघ मारलीत. एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेला हात तो. "हे कुणालाही लागू पडतं, म्हणजे कुणाचंच नाही. तिनं केलं काय ते लिही." तुम्ही लिहिलेलं तिचं मानपत्र मला पाठ आहे: "अकरा घरांतल्या बाटल्या नावं लावून नेल्या, दोन माठांत ओल्या वाळूत ठेवल्या, एकही खराब होऊ दिली नाही, एकही अदलाबदल होऊ दिली नाही. एकोणीस वर्षं वय." झालं. यात कौतुकाचं एक विशेषण नाही. ते वाचताना आईचा आवाज फुटला होता.

वायरमनचं मानपत्र तुम्ही गुजरातीत लिहिलंत, त्याला घरी वाचून दाखवता यावं म्हणून. तो पाणी उतरताच दारोदार ओरडत गेला होता की मेन स्विच कुणी चालू करू नका, मीटरपेटी सुकल्याशिवाय आणि मी तपासल्याशिवाय हात लावू नका. मेगर, म्हणजे वायरीतून वीज गळते का ते तपासायचं यंत्र, घेऊन त्यानं एकेक लाइन बघितली. आपल्या गल्लीत कुणाला शॉक लागला नाही. अशा कामाची हीच अडचण असते, जे टळलं ते दिसत नाही, म्हणून त्याला कुणी हारही घालत नाही. तुमच्या वहीत तो सात घरांनी आला होता.

आणि ती चार पोरं, जी रात्रभर फाटकापाशी बॅटरी घेऊन उभी राहिली, कारण आत गटारापाशी मगर येऊन पडली होती आणि लोक दगड घेऊन जमत होते. वनखात्याची माणसं येईपर्यंत त्यांनी कुणाला जवळ जाऊ दिलं नाही, आणि तिला कुणी मारूही दिलं नाही. वनखात्याच्या लोकांनी त्या तीन दिवसांत शहरातून चोवीसेक मगरी उचलल्या. आपली त्यांतली एक. विश्वामित्री त्यांचीही आहे, हे त्या पोरांना कळत होतं. आपल्यातल्या बऱ्याच मोठ्यांना त्या रात्री कळत नव्हतं. रस्त्यापलीकडच्या मोहल्ल्यातून तीन दिवस खिचडीचे डेग आले, त्यांच्यासाठी तुम्ही एक नाव न लिहिता सगळ्या बावीस जणांची नावं लिहिलीत. एवढी नावं वाचायला वेळ जाईल म्हणून मी कुरकुरलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, शिजवायला जास्त गेला होता.

समारंभाचंही तुम्ही सगळं बदललंत. रात्री नऊचा कार्यक्रम संध्याकाळी पाचला आणलात, कारण सफाईच्या बायकांची पाळी पहाटे सुरू होते. त्यांची स्वतःची घरं पाण्यात गेली होती आणि त्या आमच्या दारातला गाळ ओढत होत्या. त्यांना उशिरापर्यंत जागवून शाल देण्यात कसला आलाय मान? शाल-श्रीफळ तुम्ही काढूनच टाकलंत आणि प्रत्येकाला विचारलंत काय हवं. सफाईच्या बायकांनी गमबूट मागितले. वायरमननं काही मागितलं नाही, मुलीला स्टेजवर बरोबर नेऊ का एवढंच विचारलं. एका माणसानं नाव जाहीर करू नका म्हटलं, ते तुम्ही आजवर मलाही सांगितलेलं नाही.

प्रमुख पाहुणे नव्हते. ज्या घरानं नाव सांगितलं, त्याच घरातल्या माणसानं मानपत्र वाचायचं आणि द्यायचं, हा तुमचा नियम. आपल्या मंडळातल्या एका जुन्या सभासदांनी कुरकुर केली की मोठ्या हस्ते दिल्याशिवाय सत्काराला वजन येत नाही. ते चुकीचं बोलत होते असं नाही. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या माणिकरावांना बडोदे संस्थानचा 'राजरत्न' किताब मिळाला, तो अजून या गावात त्यांच्या नावाआधी लावतात. तुम्ही त्यांना सयाजीरावांचीच गोष्ट सांगितलीत. १९१० साली महाराजांनी बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. पुस्तकांच्या पेट्या भरून खेड्यापाड्यांत पाठवल्या. वाचक येत नसेल तर पुस्तक त्याच्या गावी जाईल. म्हणालात, "मानपत्राचं तेच करू या. जो येऊ शकत नाही त्याच्या ओट्यावर जाऊन वाचू." आणि आम्ही खरंच गेलो. दूधवाल्या काकांचा पाय पुरात मोडला होता, त्यांच्या खाटेपाशी नऊ घरची माणसं उभी होती.

फेब्रुवारीत तुम्ही मुलाकडे पुण्याला गेलात आणि जाताना वही माझ्याकडे दिलीत. यंदा पूर आला नाही, म्हणून मला वाटलं प्रश्न निरुपयोगी होईल. तरी विचारला, थोडा बदलून: यंदा अडचणीत तुमच्या दारात पहिलं कोण आलं? वही पुन्हा भरली. कुणाच्या घरी मयत झाली तेव्हा, कुणाचा मुलगा हरवला होता तेव्हा. पाच जणांची मानपत्रं मी लिहिली. एका ठिकाणी 'निःस्वार्थ' आलं होतं, मीच खोडलं.

आता ते कारण. वहीच्या चौदाव्या पानावर तुमच्या अक्षरात आहे: "लाल बनियन, दाढी. कपडे धुवायच्या टबात बाळ ठेवून टब तरंगवत आणला, बाळ आईकडे दिलं, परत पाण्यात गेला." खाली रेघ मारून "शोधणे". तीन घरांनी त्याला पाहिलं होतं, नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणतं मुजमहुड्याकडचा, कुणी म्हणतं टेम्पो चालवतो. तुम्ही त्याचं मानपत्र त्याच रात्री लिहून ठेवलंत, नावाची जागा कोरी सोडून. ते मंडळाच्या कपाटात वरच्या खणात आहे. हे पत्र त्याच्यापर्यंत, किंवा त्याला ओळखणाऱ्या कुणापर्यंत पोचावं म्हणून मी उघड लिहितो आहे.

ते बाळ तेव्हा दोन महिन्यांचं होतं. परवा आरतीला आलं होतं, मांडवाच्या कापडाला धरून चालत होतं. त्याच्या आईला तुमचा नियम आठवतो. ती म्हणते, माणूस सापडला की मानपत्र ह्याच्याच हातून द्यायचं, तोवर हा नीट चालायला लागेल.

आपला,
मंडळाचा चिटणीस