गोधडी शिकवणाऱ्या आजीले किती दिले?

मा. संपादक,

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघी मैत्रिणी चिखलदऱ्याला दोन रात्री तंबूत राहून आलो, अन् तिथं चक्क गोधडीचा क्लास होता. घरी सांगितलं तर हे हसले, म्हणे गोधडी शिकाले जंगलात काऊन जाता, माय होती तवा नाही शिकली का! खरं आहे, नाही शिकली.

शिकवाले जवळच्याच गावातली एक आजी होती. जुन्या नऊवारीचे थर अंथरले, हवा लय होती म्हणून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले, अन् मग काठापासून धावदोरा घालत घालत मधात यायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा पाहिजे म्हणे, माझा मक्याच्या दाण्याएवढा, तिनं काही न बोलता उसवला.

तक्रार वेगळीच आहे. आयोजकांनी कापडाच्या किटचे जास्तीचे पैसे घेतले अन् आत निघालं कोरं पॉलिस्टर, त्याच्यात काय ऊब येणार? आमच्या घरी मऊ सुती लुगडी पडून आहेत, सांगितलं असतं तर गाठोडंच आणलं असतं. आजीले दिवसाचे किती देता विचारलं तर मॅनेजर पोरगं नुसतं हसलं.

चिखलदरा जवळपास ११०० मीटर उंचीवर, रात्री गाविलगडाकडून असं वारं सुटलं की स्लीपिंग बॅगमध्ये दात वाजत होते, शेवटी आजीनंच तिची वाकळ आणून दिली, तिच्यात दोघी झोपलो.

अशा कॅम्पची बातमी छापाल तेव्हा शिकवणाऱ्या बाईचं मानधन पण विचारा.

एक वाचक, ता. दर्यापूर